दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश रेशनवर आठवडाभर स्वयंपाक कसा करायचा (मी करून बघितलंय, म्हणून सांगते)

आधी एक गोष्ट, हे एकट्यासाठी करायला जाऊ नका. मी पहिल्यांदा एकटीच्या रेशनवर करून बघितलं आणि चौथ्या दिवशी लोणी संपलं, चीजचा शेवटचा तुकडा उंदराला ठेवावा इतका उरला होता. दुसऱ्यांदा चौघांचं एकत्र केलं तेव्हा कुठे जमलं. कारण सोप्पं आहे, एकाच्या 57 ग्रॅम चीजचं काही होत नाही पण चौघांचं मिळून सव्वादोनशे ग्रॅम झालं की त्यात दोन जेवणं निघतात. तेव्हाही एकटं राहणाऱ्यांचे हाल जास्तच व्हायचे.

तर चौघांचं आठवड्याचं माप काढून ठेवा. आकडे युद्धभर वरखाली होत राहिले, मी साधारण मधल्या काळातले धरलेत: लोणी 225 ग्रॅम, मार्गारिन (तेलापासूनचं नकली लोणी) 450, तळणाची चरबी 225 (आपण वनस्पती तूप घेऊ), साखर 900, चहा 225, चीज 225, अंडी चार आणि तीही मिळाली तर, दूध जवळपास पावणेसात लिटर. मांस मात्र वजनावर नाही, किमतीवर मिळायचं, म्हणजे स्वस्तातला भाग घेतला तर जास्त येणार. आम्ही शाकाहारी म्हणून मांस आणि बेकन सोडलं, तशी सोय तेव्हाही होती, शाकाहारी म्हणून नोंद केली की मांसाऐवजी जादा चीज मिळायचं. तुम्हीही तसंच करायचं तर चीज थोडं वाढवून घ्या. बटाटे आणि भाज्यांवर युद्ध संपेपर्यंत रेशन नव्हतं, ब्रेडवरही नव्हतं (ते लागलं 1946 ला, युद्ध संपल्यावर, विचार करा!). पण तांदूळ, मसूर वगैरे 1942 पासून पॉइंट्सवर, म्हणजे महिन्याला जे ठरलेले पॉइंट्स मिळायचे त्यात डाळ घ्यायची की डबाबंद मासा की बेदाणे हे तुम्हीच ठरवायचं. वरणभाताची सवय असलेल्यांनी इथे जरा दमानं घ्या.

आता खरी मेख. लोकांना वाटतं साखर कमी पडेल, नाही हो, आधी संपते चरबी. म्हणून सोमवारीच लोणी आणि मार्गारिनचे सात भाग करून ठेवा, वाटल्यास कागदात गुंडाळून वार लिहा. लोण्याचं कागद फेकायचं नाही, केकचं भांडं त्यानेच पुसायचं. भाज्या उकडलेलं पाणीसुद्धा ओतायचं नाही, सूप नाहीतर ग्रेव्हीला तेच वापरायचं. ऑगस्ट 1940 पासून अन्न वाया घालवणं हा कायद्याने गुन्हाच होता, तेव्हा हे नुसतं काटकसरीचं प्रेम नव्हतं.

मग वूल्टन पाय. अन्नमंत्री लॉर्ड वूल्टनच्या नावाचा, रेसिपी मूळ लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या शेफची, आणि खरं सांगायचं तर तेव्हाच्या बायकांनाही तो फारसा आवडत नव्हता म्हणे. बटाटे, गाजर, फ्लॉवर आणि स्वीड (सलगमसारखा कंद, न मिळालं तर सलगम किंवा नवलकोल चालतंय) प्रत्येकी साधारण 450 ग्रॅम, पातीचे कांदे दोनतीन, चमचाभर मार्माइट (यीस्टचा खारट अर्क), मोठा चमचा ओट्स. सगळं फोडी करून भिजेल इतक्याच पाण्यात दहा मिनिटं शिजवा, तळाला लागू देऊ नका. गार झालं की भांड्यात घाला, वरून पार्सली किंवा सरळ कोथिंबीर. वरचं आवरण: सव्वादोनशे ग्रॅम कणीक, शंभरएक ग्रॅम कुस्करलेला बटाटा, 85 ग्रॅम मार्गारिन, मीठ, जरा बेकिंग पावडर. बटाटा घातल्यामुळे चरबी कमी लागते, युक्ती तीच आहे. ओव्हनमध्ये वर तांबूस होईतो ठेवायचं. ओव्हन एकदा तापवला की पायसोबत बटाटे आणि केकही त्यातच ढकला, इंधन वाचवायचं होतं ना तेव्हा. हिंगाची फोडणी द्यायचा मोह मात्र आवरा, मी दुसऱ्या दिवशी हरले. मीठ-मिरं सढळ हाताने घाला बस, नाहीतर चव आजारी माणसाच्या पथ्यासारखी लागते.

कांद्याचं एक सांगायचं राहिलं. 1940 ला फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत आणि त्याच्याजवळची चॅनल आयलंड्स ही बेटं जर्मनांच्या हाती गेली, तिकडूनच तर कांदा यायचा, मग कांदा इतका दुर्मिळ झाला की लोक त्याची लॉटरी काढायचे! म्हणून आठवड्याला एकच कांदा घ्या. पिठलं करणाऱ्या माणसाला हे किती जिव्हारी लागतं हे मी सांगायला नको.

अंड्याचं काय? 1942 पासून अमेरिकेतून सुक्या अंड्याची पावडर यायला लागली, एका पाकिटात बारा अंड्यांचं काम. एक सपाट मोठा चमचा पावडर, दोन मोठे चमचे पाणी, गुठळ्या न होऊ देता नीट कालवायचं, झालं एक अंडं. आता ऑनलाइन मिळते. भुर्जीला ठीक लागते, केकमध्ये तर कळतही नाही, नुसतं ऑम्लेट करायला जाल तर रबर. म्हणून ताजी चार अंडी रविवारसाठी राखा.

गोडाला नकली क्रीम: दीडशे मिली दुधातून थोडंसं काढून त्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर कालवायचं, उरलेल्या दुधात घालून घट्ट शिजवायचं आणि पूर्ण गार करायचं. दुसरीकडे 40 ग्रॅम मार्गारिन आणि तेवढीच साखर फेटायची, मग दुधाचं मिश्रण हळूहळू त्यात. गरम असताना घातलंत तर फाटतं, माझं फाटलं. गाजर किसून केकमध्ये घातलं की साखर कमी लागते, आपल्याकडे हलवा खाऊन मोठे झालेल्यांना यात नवल वाटायला नको.

चहा. माणशी आठवड्याला 57 ग्रॅम म्हणजे कपाला दोन ग्रॅमच्या हिशोबाने दिवसाला जेमतेम चार कप, तेही पातळ. किटलीसाठी जादाचा चमचा घालू नका असं सरकारच सांगत होतं. आमच्याकडे बुधवारी भांडण झालं ते चीजवरून नाही, चहावरूनच, तेव्हा चहाचे डबे मात्र प्रत्येकाचे वेगवेगळे ठेवा आणि डब्यावर नावं लिहा.