सिल्की कोंबड्यांची पैदास, संगोपन आणि पिसांचे रंग

सिल्की ही मूळची चीनची जात आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोने आपल्या प्रवासवर्णनात मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांचा उल्लेख केला, तो याच जातीचा असावा असे मानले जाते. चीनमध्ये या पक्ष्याचे काळे मांस आजही औषधी रश्शासाठी वापरतात आणि त्यासाठी जियांगशी प्रांतातील थाइहे परगणा प्रसिद्ध आहे. पाश्चात्त्य देशांत मात्र तो शोभेचा पक्षी ठरला, आणि अमेरिकेच्या 1874 सालच्या पहिल्या कुक्कुट मानकग्रंथातच त्याला स्थान मिळाले. आपल्याकडेही सिल्की हौसेसाठीच पाळली जाते आणि नव्याने पाळणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा रंगाचा असतो. हा प्रश्न योग्य आहे, पण त्याचे उत्तर जोड्या लावण्याआधी शोधायला हवे. पिल्ले निघाल्यावर नव्हे.

सिल्कीची ओळख एका गुणाने होत नाही. कापसासारखी पिसे, काळी कातडी व हाडे, पायाला पाच बोटे, डोक्यावर पिसांचा झुपका, पिसाळ पाय, जांभळट काळा अक्रोडासारखा तुरा आणि निळसर हिरव्या कानपाळ्या हे सारे गुण एकत्र आले की पक्षी सिल्की ठरतो. यातील प्रत्येक गुण वेगळ्या वाटेने पुढच्या पिढीत जातो, हे पैदास करणाऱ्याने आधी समजून घ्यावे. साध्या पिसाच्या तंतूंना सूक्ष्म आकडे असतात. ते एकमेकांत अडकल्यामुळे पिसाचे सपाट पाते तयार होते. सिल्कीत हे आकडे नसतात, म्हणून पीस मोकळे राहून केसासारखे दिसते. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे तो आई आणि बाप या दोघांकडूनही मिळाला तरच दिसतो. सिल्की आणि गावरान यांच्या पहिल्या पिढीतील सर्व पिल्लांची पिसे साधीच निघतात. उलट पाचवे बोट आणि झुपका पहिल्या पिढीतच कमीअधिक प्रमाणात दिसतात. त्यामुळे पाच बोटे दाखवून संकरित पिल्ले सिल्की म्हणून विकली जातात. बोटांवर विसंबून पिल्लू घेऊ नये. पंखाची पिसे फुटेपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, थांबावे.

कातडीच्या काळेपणाची कथा अधिक रंजक आहे. विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट या जनुकशास्त्रज्ञांनी 1911 साली सिल्की व ब्राउन लेगहॉर्न या जातींच्या संकरांवर लेख लिहून दाखवले की नर कोणत्या जातीचा यावर पिल्लांचा काळेपणा अवलंबून असतो. सिल्की कोंबडा आणि लेगहॉर्न कोंबडी अशी जोडी लावली, तर मादी पिल्ले गडद काळी आणि नर पिल्ले फिकट निघतात. जोडी उलटी लावली, तर सारीच पिल्ले फिकट होतात. याचे कारण असे की काळेपणा देणारे जनुक प्रभावी असले, तरी त्याला दाबणारे दुसरे जनुक लिंगसंलग्न, म्हणजे लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावरचे, आहे आणि ते लेगहॉर्नकडे असते. झाबुआच्या कडकनाथमध्येही काळेपणा देणारा जनुकीय बदल सिल्कीतलाच आहे. म्हणून या दोहोंच्या संकरात कातडी काळी राहते, पण मऊ पिसे पहिल्या पिढीत हरवतात. कडकनाथचा असा संकर करून फारसे काही साधत नाही, असे माझे मत आहे.

रंग कसे उतरतात

नवशिक्याने काळा, निळा आणि स्प्लॅश या त्रिकुटापासून सुरुवात करावी, कारण या रंगांचा हिशेब सरळ आहे. येथे निळा म्हणजे पाटीसारखा राखाडी आणि स्प्लॅश म्हणजे फिकट अंगावर निळसर काळे शिंतोडे. निळेपणाचे जनुक काळ्या रंगाला सौम्य करते. त्याची एक प्रत असेल तर पक्षी निळा, दोन असतील तर स्प्लॅश आणि एकही नसेल तर काळा दिसतो. त्यामुळे काळा आणि स्प्लॅश यांची जोडी लावली असता सर्व पिल्ले निळी येतात. निळ्याला निळा लावला तर सरासरीने निम्मी पिल्ले निळी, पाव काळी आणि पाव स्प्लॅश येतात. निळ्याला काळा लावला तर निम्मी निळी व निम्मी काळी, आणि निळ्याला स्प्लॅश लावला तर निम्मी निळी व निम्मी स्प्लॅश मिळतात. हे प्रमाण मोठ्या संख्येत जुळते. आठ पिल्लांच्या एका घाण्यात पाच काळी निघाली, तर जोडीत खोट आहे असे समजू नये. निवड करताना काळ्या कोंबड्याची मान मात्र नीट पाहावी. मानेवर सोनेरी किंवा चंदेरी झाक असेल, तर तो नर कितीही देखणा असला तरी पैदाशीला ठेवू नये, कारण ती झाक पिढ्यान्‌पिढ्या निघता निघत नाही.

लव्हेंडर हा रंग निळ्यासारखा दिसतो, पण त्याचे जनुक पूर्णपणे वेगळे आणि अप्रभावी आहे. निळ्या पक्ष्यात डोके व मान अंगापेक्षा गडद असतात, तर लव्हेंडर पक्षी सर्वत्र एकसारखा फिकट करडा असतो. लव्हेंडरला लव्हेंडर लावल्यास सर्व पिल्ले लव्हेंडरच येतात; काळा लावल्यास सर्व काळी दिसतात, पण प्रत्येकात लव्हेंडर लपलेला असतो. अशा काळ्या पक्ष्याची जोडी पुन्हा लव्हेंडरशी लावली की निम्मी पिल्ले लव्हेंडर मिळतात. लव्हेंडर पक्ष्यांची पिसे सावकाश येतात व विरविरीत होतात, म्हणून दर दोन-तीन पिढ्यांनी चांगल्या पिसांचा काळा पक्षी त्यात आणावा लागतो. निळा आणि लव्हेंडर मात्र एका खुराड्यात कधीही एकत्र करू नयेत. दोन्ही जनुके एकाच पक्ष्यात आली की नुसते पाहून काहीच ठरवता येत नाही.

पांढरा रंग सर्वांत सोपा वाटतो आणि सर्वांत जास्त फसवतो. सिल्कीचा नेहमीचा पांढरा अप्रभावी आहे. तो पिसांतला रंग बंद करतो, परंतु कातडी व डोळे काळेच ठेवतो. त्या पांढऱ्या आवरणाखाली काळा, तपकिरी, पट्टेरी असे काहीही दडलेले असू शकते. पांढऱ्याला पांढरा लावला तोवर हे उघडकीस येत नाही, पण त्याची जोडी रंगीत पक्ष्याशी लावली की अनपेक्षित रंगांची पिल्ले दिसू लागतात. याशिवाय प्रभावी पांढऱ्याचे एक वेगळे जनुक आहे. त्याची एक प्रत काळ्या पक्ष्यात आली की पांढऱ्या अंगावर काळे ठिपके उमटतात आणि त्या पक्ष्याला पेंट म्हणतात. पेंटला काळा लावल्यास निम्मी पेंट व निम्मी काळी पिल्ले येतात. पेंटला पेंट लावल्यास पाव पिल्ले जवळजवळ पूर्ण पांढरी निघतात. ही पांढरी पिल्ले आणि नेहमीची पांढरी सिल्की शेजारी ठेवली तर फरक कळत नाही. खात्री करायची असेल, तर त्या पक्ष्याची जोडी शुद्ध काळ्याशी लावून पाहावी: सर्व पिल्ले पेंट आली तर पांढरा प्रभावी आहे, आणि रंगीत आली तर अप्रभावी आहे. पेंटच्या जोडीला झाक नसलेला काळाच हवा, कारण प्रभावी पांढरा काळ्या रंगाला दाबतो पण तांबड्याला तितका दाबत नाही, आणि मग पांढऱ्या अंगावर नारिंगी डाग दिसतात.

बफ, म्हणजे फिकट सोनेरी बदामी रंग, त्याच रंगाशी जोडावा. काळ्याशी किंवा निळ्याशी जोडल्यास शेपटीत व पंखात काजळी येते आणि ती काढायला अनेक पिढ्या लागतात. पार्ट्रिज हा तपकिरी नक्षीचा रंग आहे. त्याची पिल्ले पाठीवर खारीसारखे पट्टे घेऊन जन्मतात. पार्ट्रिजमधील सोनेरीची जागा चंदेरीने घेतली की ग्रे रंग होतो. चंदेरीचे जनुक लिंगसंलग्न असल्याने कोंबडी ते आपल्या मुलींना देत नाही, फक्त मुलांना देते. या दोन्ही रंगांची नक्षी साध्या पिसांच्या जातींइतकी रेखीव दिसत नाही, कारण तंतू मोकळे असल्यामुळे रेषा पसरतात. त्यात दोष मानू नये. ककू, म्हणजे आडव्या पट्ट्यांचा रंग, मी नवशिक्याला सुचवणार नाही. पट्ट्यांचे जनुक कातडीतील काळेपणाही कमी करते, आणि फिकट तुऱ्याची सिल्की ही अर्धीच सिल्की होय.

जोड्या, अंडी आणि उबवण

एका कोंबड्यामागे पाच ते आठ कोंबड्या पुरेशा होतात. कोंबडीच्या शरीरात नराचे बीज दोन ते तीन आठवडे टिकते. म्हणून नर बदलल्यावर तीन आठवडे अंडी उबवायला घेऊ नयेत, नाहीतर रंगांचा सारा हिशेब निरर्थक ठरतो. दोन्ही पक्ष्यांच्या शेपटीखालील दाट पिसे जोडी लावण्यापूर्वी कातरावीत, कारण सिल्कीत अंडी पोकळ, म्हणजे फळ न धरलेली, निघण्याचे ते एक नेहमीचे कारण असते. डोळ्यांवर येणारा झुपकाही कातरावा किंवा मऊ रबराने बांधावा. दिसत नसलेला कोंबडा कोंबडीपर्यंत पोहोचत नाही आणि दाण्यापर्यंतही नीट पोहोचत नाही.

सिल्की वर्षाला साधारण शंभर ते सव्वाशे लहान, मलईच्या रंगाची अंडी देते आणि वारंवार खुडूक होते. खुडूकपणा हा या जातीचा मोठा गुण आहे. बदक, तितर किंवा दुसऱ्या जातीच्या कोंबडीची अंडीही ती निष्ठेने उबवते. तिच्याखाली तिच्या स्वतःच्या अंड्यांएवढ्या आकाराची आठ-दहा अंडी ठेवावीत. पिल्ले निघाल्यावर तिच्या पोटाखालचे लांब तंतू कातरून आखूड करावेत, कारण पिल्लांचे पाय किंवा मान त्यात गुंतून ती दगावतात.

यंत्रात उबवायची असल्यास अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत आणि तोवर ती निमुळते टोक खाली ठेवून गार जागी साठवावीत. पंखा असलेल्या यंत्रात तापमान 37.5 अंश सेल्सिअस व आर्द्रता 45 ते 55 टक्के ठेवून अंडी दिवसातून अनेकदा फिरवावीत. सातव्या दिवशी अंधारात विजेरीच्या उजेडावर धरून पोकळ अंडी वेगळी काढावीत. अठराव्या दिवशी फिरवणे थांबवून आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांपर्यंत वाढवावी. पिल्ले एकविसाव्या दिवसाच्या आसपास निघतात. वेगवेगळ्या जोड्यांची अंडी यंत्रात वेगळ्या जाळीत ठेवावीत आणि पिल्लू कोरडे होताच त्याला खूण करावी. पायाला पिसे असल्याने कडी दिसत नाही व पाय वाढला की रुतते. दर आठवड्याला ती तपासणे ज्यांना जमणार नाही, त्यांनी पंखाला बिल्ला लावावा.

पिल्ले आणि निवारा

पहिल्या आठवड्यात पिल्लांना 35 अंशांची ऊब द्यावी आणि दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी कमी करावी. थर्मामीटरइतकेच पिल्लांकडेही लक्ष द्यावे: ती दिव्याखाली गोळा झाली तर ऊब कमी आहे, आणि कडेला जाऊन धापा टाकू लागली तर जास्त आहे. पहिले आठ आठवडे 20 टक्क्यांहून अधिक प्रथिने असलेले चिक स्टार्टर द्यावे, त्यानंतर ग्रोअर आणि अंडी सुरू होण्याच्या सुमारास लेअर खाद्य व वेगळ्या भांड्यात शिंपल्याचा चुरा द्यावा. पाण्यासाठी निपल, म्हणजे चोच लागताच थेंब सोडणारी तोटी, वापरल्यास दाढी व झुपका कोरडा राहतो.

या जातीचे पीस पाणी झटकत नाही, भिजते आणि लवकर वाळत नाही. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात सिल्कीला उघड्यावर सोडणे म्हणजे तिला आजाराला आमंत्रण देणे आहे. खुराड्याला पावसाचा झोत येणार नाही असा पुढे आलेला पत्रा, जमिनीवर भाताच्या तुसाची किंवा लाकडाच्या भुश्श्याची कोरडी गादी आणि वरच्या बाजूला मोकळी हवा या तीन गोष्टी आवश्यक आहेत. ओल्या गादीतून रक्ती हगवण पसरते, म्हणून ओला भाग त्याच दिवशी उपसून टाकावा. सिल्कीला उडता येत नाही. दांडी जमिनीपासून फूटभर उंचीवर ठेवली तरी अनेक पक्षी खालीच घोळका करून झोपतात. साप, मुंगूस व मांजर यांच्यापासून त्यांना बारीक जाळीनेच वाचवता येते. दाट पिसांत उवा सहज लपतात, तेव्हा महिन्यातून एकदा शेपटीखाली व झुपक्यात पाहावे.

लसीकरणात कसूर करू नये. ही जात मॅरेक्स रोगाला विशेष बळी पडते आणि त्याची लस पिल्लू निघाल्याच्या दिवशीच द्यावी लागते. लसीची कुपी मिसळल्यावर फार थोडा वेळ टिकते, म्हणून पिल्ले थोडी थोडी काढण्यापेक्षा एकदम मोठा घाणा काढावा. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीसाठी लासोटा, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची लस, सहा ते आठ आठवड्यांनी देवी आणि त्यानंतर मानमोडीची मोठी लस, असा साधारण क्रम असतो. आपल्या भागातील साथी पाहून पशुवैद्यकाकडून तो ठरवून घ्यावा. झुपक्याखाली ज्या पिल्लांची कवटी उंच घुमटासारखी असते, त्यांच्या डोक्यावर हाडाचे कवच पूर्ण नसते आणि एका चोचीचा घावही मेंदूला इजा करू शकतो. अशा पक्ष्यांना गावरान किंवा असील कोंबड्यांबरोबर ठेवू नये.

कोणाला ठेवावे

नर-मादी ओळखायला सिल्कीत पाच-सहा महिने लागतात. नराचा झुपका मागे वळून त्यातून लांब तंतू निघतात आणि मादीचा झुपका गोल राहतो. घाईने निवड करू नये. आधी वाकडी चोच, वाकडी बोटे, चार बोटांचे पाय आणि पिसांत सपाट पाते असलेले पक्षी वेगळे काढावेत. पाचवे बोट मागच्या बोटापासून सुटे व वर वळलेले असावे. त्यानंतर तुरा व कातडीचा काळेपणा पाहावा आणि रंग सर्वांत शेवटी पाहावा, कारण तो चांगल्या जोडीने बहुधा काही पिढ्यांत सुधारता येतो, पण बिघडलेली शरीररचना सुधारायला त्याहून बराच अधिक काळ लागतो. सख्खी भावंडे वर्षानुवर्षे जोडत राहिल्यास अंडी पोकळ निघू लागतात. म्हणून किमान दोन स्वतंत्र घराणी ठेवून एकाचे नर दुसऱ्याच्या माद्यांना लावावेत. उरलेले पक्षी विकताना आईबापांचे रंग चिठ्ठीवर लिहून द्यावेत आणि ज्या काळ्या पक्ष्यात लव्हेंडर लपलेला आहे त्याची त्यात स्पष्ट नोंद करावी.