वाइन डिकँट करताना या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात इंदूरला, रामबागेतल्या आमच्या घरी, मावसभावाने जपून ठेवलेली, फ्रान्समधल्या बोर्दोच्या लाल वाइनची वीसेक वर्षांची बाटली उघडली. जेवण नऊला, म्हणून मी सातलाच ती डिकँट केली, म्हणजे बाटलीतून रुंद बुडाच्या काचेच्या भांड्यात, डिकँटरमध्ये, ओतून ठेवली. ओतताना खोलीभर दरवळली. नऊला पेल्यात रंग तेवढा उरला होता, चव नुसती आंबट. बाटली जपणाऱ्याचं तोंड उतरलेलं मला अजून दिसतं. आता कोणी ‘डिकँट करायची का?’ म्हटलं की मी आधी वाइनचं वय विचारते.

जुन्या लाल वाइनमधलं टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) आणि रंगद्रव्यं एकत्र येऊन तळाशी बसतात. हा गाळ कडू लागतो, जिभेला रवाळ लागतो. तिथे फक्त निवळ काढायची असते, बेरी तळाशी ठेवून तूप काढतो तशी. बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवा. ओतताना मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरा, धार संथ आणि अखंड ठेवा. बाटली मध्येच सरळ केलीत तर सगळं ढवळलं जातं. गाळाची काळपट रेघ खांद्याशी आली की थांबा. उरलेले दोन घोट सोडवत नाहीत, पण सोडा. आणि लगेच वाढा. बोर्दोचे वाइनतज्ज्ञ एमिल पेनो यांचंही मत असंच होतं: गाळ असेल तरच डिकँट करा, तेही वाढायच्या अगदी आधी.

नवी, तुरट लाल वाइन, कॅबर्ने किंवा शिराझसारखी, मात्र हवेने खुलते. पण नुसतं बूच काढून ठेवून काही होत नाही, कारण मानेत हवा लागते ती रुपयाच्या नाण्याहून लहान जागेला. नाशिकची शिराझ खुशाल पाण्याच्या साध्या काचेच्या जगमध्ये ओता, दर पंधरा मिनिटांनी चाखा, आवडली की वाढा. घड्याळापेक्षा जिभेवर भरवसा ठेवा.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात ‘रूम टेम्परेचर’ या शब्दावर जाऊ नका. लाल वाइनला 16 ते 18 अंश मानवतात. चाळिशीच्या उकाड्यात नाकात फक्त अल्कोहोल शिरतं. जग बर्फाच्या पाण्यात ठेवा.

काडेपेटीसारखा वास आला तर घाबरू नका, तो गंधकाचा असतो आणि हवेने बहुधा जातो. ओल्या पुठ्ठ्याचा, बुरशीचा वास मात्र बिघडलेल्या बुचाचा. तो कितीही डिकँट करा, जाणार नाही.

तांब्या-पितळेचं भांडं नको, वाइन आम्लधर्मी असते. डिकँटर साबणाशिवाय, गरम पाण्याने धुवा आणि उपडा वाळवा. ओतण्याआधी एकदा आत हुंगून पाहा. जीरावनच्या, म्हणजे पोह्यांवरच्या इंदुरी मसाल्याच्या, डब्याशेजारी ठेवलेल्या जगाला हिंगाचा वास धरतो.