सणासुदीच्या जाहिरातीत या चुका टाळा

गणपतीपासून नाताळापर्यंतचे चार महिने मुंबईतल्या छोट्या दुकानदाराच्या कमाईचे असतात आणि ग्राहक नकळत दुखावला जातो तोही बहुधा याच काळात. सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे आडनावावरून ग्राहकाचा सण ठरवणे. पटेल हे आडनाव या शहरात हिंदू, मुसलमान आणि पारशी अशा तिघांतही आढळते, कोकणी मुसलमानांत देशमुख आणि नाईक भेटतात, तर वसईच्या कितीतरी ख्रिस्ती घरांत मराठीच बोलली जाते. त्यामुळे आडनावे पाहून व्हॉट्सॲपच्या याद्या पाडल्या, तर चुकीचा संदेश चुकीच्या घरी जाणारच. बिल करताना ‘कोणत्या सणाच्या ऑफर कळवू?’ एवढेच विचारावे. ज्याला सांगायचे नसेल त्याला सर्वांसाठीचा साधा संदेश पाठवावा. मंदिर, मशीद, चर्च एकाच चित्रात कोंबलेले शुभेच्छापत्र हा यावरचा उपाय नव्हे, तो निव्वळ आळस आहे.

तयार बॅनर देणाऱ्या ॲपमुळे दुसरी चूक वाढली आहे. दिनविशेष दिसला की ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहून मोकळे होणारे दुकानदार गुड फ्रायडेला, मुहर्रमच्या दहाव्या दिवशी आणि ६ डिसेंबरलाही तेच लिहितात. दादरच्या चैत्यभूमीवर त्या दिवशी येणारा जनसमुदाय बाबासाहेबांना अभिवादन करण्यासाठी येतो. अशा शोकाच्या किंवा स्मरणाच्या दिवशी दोन ओळींचे अभिवादन पुरते, आणि त्याखाली सवलतीचा आकडा तर मुळीच नसावा.

तारखांचेही तसेच आहे. हिजरी म्हणजे इस्लामी चांद्र वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने गेल्या वर्षीचे वेळापत्रक ईदसाठी उपयोगी पडत नाही. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकत्र आल्या, तेव्हा मुंबईतला ईदचा जुलूस समजुतीने २९ तारखेला निघाला आणि सरकारी सुट्टीही पुढे गेली. पत्रके आधीच छापून घेणाऱ्याने ही शक्यता धरून चालावे.

खाद्यपदार्थांचा व्यवसाय असेल, तर मात्र खरी परीक्षा पोस्टरवर नसून डब्यावरच्या चिठ्ठीत असते. हिरव्या ठिपक्यावरून पदार्थ शाकाहारी आहे एवढेच कळते. चिवड्यात लसूण आहे का, बटाट्याचा किस आहे का, हे जैन ग्राहकाला त्यावरून समजत नाही. नाताळच्या प्लम केकमध्ये अंडे आणि रम, मार्शमेलोमध्ये प्राण्यांपासून मिळणारे जिलेटिन असू शकते, आणि यांतले काही न खाणारा माणूस विचारत बसण्यापेक्षा शेजारच्या दुकानात जाणे पसंत करतो. ‘कांदा, लसूण, बटाटा नाही. शेंगदाणे आहेत. साजूक तुपात तळलेले.’ इतके मराठीत आणि हिंदीत, ठळक अक्षरांत लिहिले, तर शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईचीही सोय होते.

संक्रांतीच्या वाणाच्या वस्तूंवर ‘खास सुवासिनींसाठी’ असे लिहिणे आता तरी सोडून द्यावे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. शहरातल्या दुकानाने त्याच्याही मागे राहणे शोभत नाही. शिवाय पतीविना जगणारी बाईही पैसे देऊनच खरेदी करते, हे सरळ व्यवहाराचेही गणित आहे.

ऑफरचा सगळा मजकूर चित्रातच असला, तर अंध ग्राहकाच्या फोनवरील वाचक ॲपला तो नीट वाचता येईलच असे नाही. किंमत, तारीख आणि पत्ता संदेशात अक्षरांतही लिहावा.

एवढे करूनही कोणी नाराजी कळवली, तर ती टिप्पणी गुपचूप पुसू नये आणि ‘आमचा तसा हेतू नव्हता’ असा वादही घालू नये. काय चुकले ते एका वाक्यात मान्य करून दुरुस्त बॅनर त्याच ठिकाणी लावावे. डबे छापून आले असतील, तर ते फेकून न देता चुकीच्या ओळीवर योग्य मजकुराचे स्टिकर चिकटवावे आणि गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला त्याचे कारण सांगून ठेवावे, म्हणजे ग्राहकाने विचारले की उत्तर तयार असते.