एका लेबलाने पकडून दिलेले डबे

माझा एचओ लेआउट, म्हणजे 1:87 प्रमाणातला मॉडेल रेल्वेचा देखावा, 1956 सालच्या अमेरिकेतला. हौसेने घेतलेल्या बॉक्सकारवर (बंदिस्त मालडब्यावर) रंगीत पट्ट्यांचं लेबल होतं, दिसायला झकास! पण ही एसीआय लेबलं, म्हणजे यंत्राने डबा ओळखायच्या खुणा, 1967 नंतरची. मग सगळेच डबे भिंगाखाली घेतले. ‘बीएलटी’ (‘बिल्ट’चं लघुरूप) या अक्षरांपुढे बांधणीचा महिना-साल असतो, तो आधी वाचायचा. एकावर 8-64 निघालं. तो थेट खोक्यात. लाकडी डबा मात्र चालला, फक्त त्याचे आर्च-बार ट्रक (पट्ट्या बोल्टने जोडलेले, जुन्या घडणीचे चाकांचे सांगाडे) काढून ओतीव पोलादी घडणीचे बेटेनडॉर्फ ट्रक बसवले. आर्च-बारवाले डबे दुसऱ्या कंपन्यांच्या रुळांवर न्यायला 1940च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंदी आली होती. लेबलवाल्याची बांधणी 1948ची, म्हणून तो वाचला. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कापसाच्या काडीने लेबल निघालं, थोडा रंगही घेऊन गेलं. तिथे काजळी फासली.