मॉडने भरलेला असेटो कोर्सा नव्या ड्राइव्हवर नेताना

असेटो कोर्सा हा कार रेसिंगचा कॉम्प्युटर गेम डिसेंबर २०१४ मध्ये पूर्ण स्वरूपात आला आणि अजून खेळला जातो तो मॉडच्या, म्हणजे चाहत्यांनी बनवलेल्या जादा गाड्या, ट्रॅक आणि सुधारणांच्या जोरावर. मूळ खेळ मोजक्या जीबींचा, पण टोकियोतले शुतोकोचे हायवे, बुद्ध सर्किट, शे-दोनशे गाड्या आणि प्रत्येक गाडीच्या डझनभर स्किन्स (रंगरूपं) भरत गेलं की फोल्डर दोन-तीनशे जीबींच्या घरात जातो. मग ड्राइव्हची पट्टी लाल होते आणि नवा एसएसडी घरात येतो. लगेच तो मोठा फोल्डर ओढून नव्या ड्राइव्हवर टाकावासा वाटतो. तसं करू नका. सगळ्यात जास्त जागा खाणारा भाग बहुतेक वेळा पुन्हा डाउनलोड करता येतो. जे परत मिळत नाही ते काही केबींच्या फायलींमध्ये असतं, आणि त्या फायली खेळाच्या फोल्डरात नसतातच.

तेव्हा सुरुवात डॉक्युमेंट्समधल्या असेटो कोर्सा फोल्डरपासून. त्यातल्या सीएफजी फोल्डरात स्टीअरिंग व्हीलची सगळी बटणं, पेडलचे डेडझोन, फोर्स फीडबॅकची, म्हणजे व्हीलमधून हाताला जाणवणाऱ्या जोराची, एलयूटी फाइल आणि कस्टम शेडर्स पॅच या ग्राफिक्स सुधारणाऱ्या मॉडची सेटिंग्ज असतात. सेटअप्समध्ये गाडी आणि ट्रॅकनुसार केलेले टायरप्रेशर, कॅम्बर, गिअर. नॉर्डश्लायफे या जर्मन ट्रॅकच्या वीस किलोमीटरवर गाडी उड्या मारू नये म्हणून स्प्रिंग-डॅम्परशी रात्र रात्र केलेली झटापट इथेच पडलेली असते. पर्सनल बेस्टची नोंदही याच फोल्डरात. रिप्ले मात्र बघून घ्या. तो फोल्डर गुपचूप कित्येक जीबी गिळतो, आणि त्यातले बरेचसे रिप्ले पुन्हा कोणी उघडत नाही. अपघाताचे दोन-चार ठेवा, बाकीचे सरळ उडवा. आणखी एक गोष्ट तपासा: वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर डॉक्युमेंट्स तुम्ही समजता तिथे नसून वनड्राइव्हच्या आत असू शकतं.

दुसरी जागा लपलेली आहे. कंटेंट मॅनेजर, म्हणजे मॉड सांभाळणारा आणि खेळ सुरू करणारा वेगळा प्रोग्राम, आपला संसार अ‍ॅपडेटाच्या लोकल फोल्डरात, एसी-टूल्स कंटेंट मॅनेजर या नावाखाली मांडतो. प्रीसेट्स, आवडत्या गाड्या, दिलेले तारे, हे सगळं तिथलं. या दोन्ही फोल्डरांची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरपासून लांब ठेवा.

तिसरं म्हणजे मॉडच्या मूळ झिप. पैसे देऊन घेतलेले मॉड आणि ज्यांची पानं आता उघडत नाहीत असे मॉड एका फोल्डरात वेगळे काढा. सगळे शोधत बसू नका, आयुष्य लहान आहे.

आता नवा ड्राइव्ह. एक टीबीचा एसएसडी विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसतो. ते दशमान आणि द्विमान मोजणीतलं अंतर, दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. फॉरमॅट एनटीएफएस. एम.२ एसएसडी असेल तर मदरबोर्डचा तो इवलासा स्क्रू डब्यात आहे का हे आधी बघा, नाहीतर ऐन वेळी पुण्याच्या तपकीर गल्लीत हेलपाटा. स्टीम या गेम विकणाऱ्या आणि चालवणाऱ्या प्रोग्रामची लायब्ररी, म्हणजे खेळ ठेवायचा फोल्डर, ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर करा, फोल्डरात फोल्डर घालू नका. फाइलच्या पूर्ण पत्त्यावरची विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा अजून अनेक प्रोग्रामना लागू आहे आणि मॉडवाल्यांना स्किनला भलीमोठी नावं द्यायची हौस असते. जुन्या जागी जेमतेम बसलेला पत्ता नव्या जागी दहा अक्षरांनी लांबला की नेमकी तीच स्किन गायब दिसते.

जुना ड्राइव्ह विंडोजचा नसेल तर आणखी सोपा मार्ग आहे. कॉपी झाल्यावर डिस्क मॅनेजमेंटमधून दोन्ही ड्राइव्हची अक्षरं अदलाबदल करा. नवा ड्राइव्ह जुन्याच अक्षराने उभा राहिला आणि आतले फोल्डर तसेच ठेवले की स्टीमला आणि कंटेंट मॅनेजरला काही कळतही नाही.

वेळ सकाळची धरा. पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर आभाळ भरून आलं आणि वळवाचा पाऊस सुरू झाला की दिवे जातात, आणि लाखभर छोट्या फायलींची कॉपी अर्धवट राहिली तर काय आलं नि काय राहिलं याचा पत्ता लागत नाही. गुरुवार हा एरवीही विजेच्या दुरुस्तीचा वार, तो टाळाच. यूपीएस असला तर उत्तम. ३०० जीबी साध्या हार्ड डिस्कवरून सेकंदाला १५० एमबीने वाचले तर हिशोबाने अर्ध्या तासाच्या थोडं वर. प्रत्यक्षात छोट्या फायलींमुळे त्याच्या कितीतरी पट लागतं. उन्हाळ्यात एनव्हीएमई एसएसडी तापून मंदावतो, पंखा चालू असू द्या.

कॉपी करताना स्टीम पूर्ण बंद, टास्कबारच्या कोपऱ्यातलं चिन्हसुद्धा. त्याआधी स्टीमच्या स्टोरेजमध्ये जाऊन नव्या ड्राइव्हवर लायब्ररी तयार करून ठेवा. मग जुन्या स्टीमअ‍ॅप्समधल्या कॉमनच्या आतला खेळाचा फोल्डर नव्या कॉमनमध्ये कॉपी करा, आणि स्टीमअ‍ॅप्समध्येच असलेली २४४२१० या क्रमांकाची अ‍ॅपमॅनिफेस्ट फाइल नव्या स्टीमअ‍ॅप्समध्ये हलवा. ती फाइल गेली नाही तर स्टीमला खेळ दिसणार नाही. इन्स्टॉल फोल्डर हलवायचं स्टीमचं स्वतःचं बटण आहे, पण मी ते मॉडसाठी वापरत नाही. ते मूळ प्रत जागेवर ठेवत नाही, आणि मला ती शेवटपर्यंत हवी असते. कट-पेस्टही त्याच कारणाने नको. विंडोजमधली रोबोकॉपी ही कमांड वापरता येत असेल तर ती वापरा, अडकलेल्या फायलींची यादी तरी हातात येते.

कॉपी संपली की दोन्ही फोल्डरांची प्रॉपर्टीज शेजारी उघडा. फायलींची संख्या आणि बाइट्समधला आकार तंतोतंत जुळला पाहिजे. डिस्कवरची जागा वेगळी दिसली तर घाबरू नका, तो क्लस्टरचा, म्हणजे डिस्क जागा ज्या ठोकळ्यांत वाटते त्यांचा, फरक.

यानंतर जुन्या फोल्डरचं नाव बदलून शेवटी ‘जुना’ जोडा. हे केलंत की एखादं अ‍ॅप, शॉर्टकट किंवा जंक्शन (एका फोल्डरावरून दुसऱ्याकडे नेणारा दुवा) अजून जुन्या पत्त्यावर जात असेल तर ते तिथेच अडखळतं आणि सापडतं. नाव तसंच ठेवलं तर सगळं ठीक चाललंय असं वाटतं, आणि खेळ जुन्याच ड्राइव्हवरून चालू असतो.

कंटेंट मॅनेजर उघडून सेटिंग्जमध्ये खेळाचा नवा पत्ता द्या. गाड्यांची यादी रिकामी दिसली तर पत्ता चुकलाय, गाड्या गेलेल्या नाहीत. फायलींची पडताळणी करायचं स्टीमचं बटण मात्र कारण नसताना दाबू नका. जादा मॉड त्याने पुसले जात नाहीत, पण मूळ फायलींत केलेले बदल पूर्ववत होतात. कंटेंट मॅनेजरने खेळ सुरू करणाऱ्या मूळ एक्झी फाइलची जागा घेतली असेल तर तीही परत जाते आणि मांडणी पुन्हा करावी लागते. कस्टम शेडर्स पॅच चालू दिसत नसेल तर मुख्य फोल्डरात डीराइट नावाची डीएलएल आहे का बघा. अँटीव्हायरस कधी कधी ती संशयित म्हणून उचलतो.

चाचणी तीन फेऱ्यांत: मूळ गाडी घेऊन स्पा हा ट्रॅक, मग मॉडची गाडी मॉडच्या ट्रॅकवर, आणि शेवटी तुमचा सगळ्यात जड ट्रॅक कॉम्प्युटर चालवतो अशा भरपूर एआय गाड्यांसह. आवाज येतो का, आरसे दिसतात का, व्हील नेहमीसारखं हाताला झटका देतं का. आठवडाभर नेहमीसारखं खेळून झालं की जुना फोल्डर उडवा आणि त्या जागेत मॉडच्या झिप नेऊन टाका.