मोठ्या मापाचा कुर्ता घेताना या चुका टाळा

लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात थ्री-एक्सएलचा कुर्ता अंगात चढवला, आरशात बरा दिसला म्हणून केस वर बांधायला हात उचलले, आणि बगलेत टर्रकन आवाज झाला. दुकानातली मुलगी म्हणाली, "ताई, फोर-एक्सएल देऊ का?" तो घातला तर छातीत ऐसपैस, पण खांद्याची शिवण दंडावर उतरलेली. तरी घेतला. कपाटात आहे अजून, घडी न मोडलेला.

आपली पहिली चूक हीच, की एक माप आवळलं तर पुढचं अक्षर मागायचं. कंपनी एका मधल्या मापाचा साचा काढते आणि तोच सगळीकडून थोडा थोडा वाढवत नेते. माणूस काही असा सगळीकडून सारखा वाढत नाही. छाती, पोट, दंड भरतात, खांद्याचं हाड मात्र आहे तिथेच असतं. म्हणून छातीला झालेला कपडा खांद्याला लोंबतो. त्यात प्रत्येक कंपनीचं थ्री-एक्सएल वेगळं. भारतीय शरीरांची मापं मिळावीत म्हणून निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने 'इंडियासाइज' प्रकल्पात मुंबईसह सहा शहरांत स्कॅनरने मापं घेण्याचं काम हाती घेतलं, ते याच गोंधळापायी. आपण आपला पर्समध्ये टेप ठेवावा. कुर्ता सपाट पसरून बगलेपासून बगलेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. न ताणणाऱ्या कापडात हा आकडा तुमच्या छातीपेक्षा दोन-तीन इंच जास्त हवा. म्हणजे छाती ४२ असेल तर कुर्ता ४४ किंवा ४५. स्वतःचं माप घेताना रोजची ब्रा घातलेली असू द्या, जुनी सैल झालेली नको.

ऑनलाइन तक्त्यात '४४' लिहिलेलं असतं ते अंगाचं की कपड्याचं, हे आधी बघा. दोन्ही एकच समजल्यामुळे माझी निम्मी पार्सलं परत गेली आहेत.

आता मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो बगलेचा घेर. तो आवळला की बरेच टेलर खालून कापून खोल करतात. तिथे "नको" म्हणा. खोल मुंढ्याने बगल मोकळी वाटते खरी, पण हात उचलला की अख्खा कुर्ता वर ओढला जातो. त्याऐवजी बगलेत कळी, म्हणजे कापडाचा छोटा जोडतुकडा, लावून घ्या. जुन्या पद्धतीच्या कुर्त्यांत ती असायचीच, आपण उगाच विसरलो. कापड बाहीच्या लांबीतून निघतं.

खांदा एखादा इंच मोठा असेल तर बाही उसवून आत घेऊन पुन्हा लावता येते. अस्तराच्या किंवा गळ्यापासून खांद्यापर्यंत भरतकाम असलेल्या कुर्त्याला मात्र हात लावू नये, तो दुकानातच राहू द्या. छातीत आवळतोय आणि "टेलर सैल करेल" असं वाटत असेल तर कुर्ता उलटा करून शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जास्तीचं कापड, किती आहे ते बघा. तयार कपड्यांत बहुतेकदा अर्धा इंचही नसते, मग टेलर तरी काय करणार? छाती भरलेली असेल तर सरळसोट कापापेक्षा प्रिन्सेस कट (छातीवरून खाली येणारी वळणदार उभी शिवण) किंवा टक्स (शिवलेल्या चिमट्या) असलेला कुर्ता शोधा. वन-पीस असेल तर छातीखालचा जोड नक्की छातीखालीच येतोय ना, तेही बघा. तो छातीवर चढला तर त्यावर इलाज नाही.

ट्रायल रूममध्ये आपण पोट आत घेऊन ताठ उभ्या राहतो. बसून बघा. बसल्यावर सीट, म्हणजे नितंबांचा घेर, पसरते. बाजूचा कट जिथून सुरू होतो तिथे कुर्ता ताणला जाऊन पोटावर गोळा होत असेल, तर सीटला तो लहान आहे. थोडाच असेल तर कट इंचभर वर उसवून निभतं. समोरची बटणं फाकत असतील तर दोन बटणांच्या मध्ये आतून एक टिचबटण लावा, पिनेपेक्षा कितीतरी बरं. पण बटणांच्या दोन्ही बाजूंना आडव्या सुरकुत्या दिसल्या, तर टिचबटणाने काही होणार नाही, माप बदला.

काळा रंग आणि उभ्या पट्ट्या यांबद्दल मी काही सांगणार नाही. मावशा सांगतातच.

तुळशीबागेत किंवा सेलमध्ये ट्रायल नसते, तेव्हा घरचा अंगावर नीट बसणारा एक कुर्ता पिशवीत घेऊन जा आणि नव्यावर पसरून ताडून बघा. "दिवाळीपर्यंत बारीक होईन" म्हणून कमी मापाचं उचलू नका, आजच्या मापाचं घ्या. नंतर सैल झालं तर आत घ्यायला टेलर आहेच.

आणि सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं. ४४ इंचांतले साधारण सव्वा ते सव्वादोन इंच त्यात जातात. त्यामुळे दुकानात अगदी बेताचा बसलेला सुती कुर्ता घेऊ नका. घेतलाच, तर टेलरकडे नेण्याआधी एकदा भिजवून वाळवा.