कॉफी उकळू नये, उतरवावी

साताऱ्यातील बहुतेक घरांत चहा पातेल्यात खळखळून उकळला जातो आणि त्याच सवयीने पूड, दूध व साखर एकत्र टाकून कॉफीही उकळली जाते. मग कडवटपणा झाकण्यासाठी साखर वाढते, तरी दोष पुडीच्या माथी येतो. वास्तविक पुडीतील आंबटसर व सुगंधी द्रव्ये गरम पाण्यात आधी उतरतात, कडू व तुरट द्रव्ये मागाहून येतात. त्यामुळे घरच्या कॉफीची सगळी कला योग्य वेळी थांबण्यात आहे, आणि ती साधण्यासाठी महागड्या यंत्राची मुळीच गरज नाही.

आधी पुडीचा विचार करावा. चिकमगळूर आणि कोडगूच्या कॉफीत चिकोरी मिसळण्याची दक्षिणेत रूढी आहे. ८०:२० किंवा ६०:४० असे प्रमाण पाकिटावर छापलेले असते आणि त्यातील दुसरा आकडा चिकोरीचा असतो. भाजलेल्या मुळाच्या या पुडीने रंग गडद होतो, डिकॉक्शन (गरम पाण्यात उतरलेला कॉफीचा दाट अर्क) घट्ट होते आणि दुधात चव टिकते, म्हणून तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र कॉफीचीच चव ओळखायची असेल, तर काही दिवस चिकोरीविरहित पूड वापरून पाहावी. पाकिटावर मुदतीची तारीख सर्वजण पाहतात, पण भाजल्याची तारीख अधिक महत्त्वाची आहे. बिया भाजल्यावर चार-आठ दिवस त्यांतून वायू बाहेर पडतो, त्यानंतरचे तीन-चार आठवडे त्या उत्तम असतात. दळलेली पूड त्याहून फार लवकर शिळी होते, म्हणून ती थोडी थोडी आणावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. फ्रिजमधून डबा रोज आतबाहेर केल्यास पुडीला दमटपणा लागतो. पावसाळ्यात तर तो हमखास लागतो.

बिया घरी दळायच्या असतील तर हाताने फिरवायची लहान चक्की हा सर्वांत चांगला खर्च आहे. मिक्सरमध्ये दळण एकसारखे होत नाही. काही पिठासारखे आणि काही भरड राहते, आणि एकाच पेल्यात कडू व आंबट अशा दोन्ही चवी येतात. मिक्सरच वापरायचा असेल, तर एकेक झटका देत, भांडे हलवत दळावे, म्हणजे पूड तापत नाही. नंतर मैद्याच्या चाळणीने अगदी बारीक भाग काढून टाकावा. थोडा माल वाया जातो, पण चवीत पडणारा फरक त्याच दिवशी कळतो.

पाण्याबाबत आपल्या भागाचा हिशेब निराळा आहे. पुस्तकी नियम ९० ते ९६ अंश सेल्सियसच्या पाण्याचा आणि त्यासाठी उकळी आल्यावर थोडे थांबण्याचा आहे. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच असल्याने येथे पाणी ९७-९८ अंशांवरच उकळते, त्यामुळे गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबले तरी पुरते; महाबळेश्वरी तर उकळी ९५-९६ अंशांवरच येते, तेथे थांबूच नये. कास तलावाचे पाणी येत असेल तर प्रश्न नाही. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात मात्र आंबटसर चव मरते आणि कॉफी सपक लागते, तर शुद्धीकरण यंत्रातून सगळे क्षार निघून गेलेल्या पाण्यातही ती पोकळ लागते. अशा वेळी दोन्ही पाणी मिसळून पाहावे.

आता कृती. दुधाची कॉफी पिणाऱ्या घरासाठी स्टीलचा किंवा पितळी दाक्षिणात्य फिल्टर (एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला छिद्रे) सोडून दुसरे काही घेण्याची आवश्यकता मला वाटत नाही. वरच्या भांड्यात २५ ग्रॅम पूड (चमच्याचा अंदाज फसवा असतो, छोटा वजनकाटा घ्यावा) सारखी पसरून दांडीच्या चकतीने अगदी हलकी दाबावी. त्यावर ४० मिलिलिटर पाणी गोल फिरवत घालून अर्धा मिनिट पूड भिजू द्यावी आणि मग उरलेले ११० मिलिलिटर ओतून झाकण ठेवावे. पूड आपल्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून खाली सुमारे १०० मिलिलिटर डिकॉक्शन मिळते. ते पंधरा-वीस मिनिटांत उतरावे. पाच मिनिटांत उतरले तर पूड भरड आहे किंवा नीट दाबलेली नाही. तासभर थेंब थेंब पडत राहिले तर पूड फार बारीक आहे, चकती जोरात दाबली आहे किंवा छिद्रे बुजली आहेत. कधी दोन्ही भांडी इतकी घट्ट बसतात की खालची हवा निघत नाही. वरचे भांडे किंचित सैल केले की धार सुरू होते. चव सुधारताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने फरक पडला ते समजत नाही.

काळी कॉफी पिणाऱ्यांनी फ्रेंच प्रेस (जाळीच्या दट्ट्याने पूड खाली दाबायचे भांडे) घ्यावा. १५ ग्रॅम भरड पुडीला २४० मिलिलिटर पाणी, चार मिनिटे, आणि लगेच दुसऱ्या भांड्यात ओतणे. कागदी गाळणीची कॉफी अधिक नितळ होते, पण ओतण्याचा सराव लागतो. इटलीत १९३३ मध्ये तयार झालेले मोका पॉट (खालचे पाणी वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढवणारे भांडे) मंद आचेवर ठेवावे आणि घुरघुर आवाज सुरू होताच उतरवावे.

डिकॉक्शन पुन्हा उकळू नये. दूध वेगळे तापवून त्यात घालावे. आपल्याकडच्या म्हशीच्या दुधाला सहा-सात टक्के स्निग्धांश असल्याने एक भाग डिकॉक्शनला दोन भागच दूध पुरते, जास्त झाले की केवळ दुधाची चव उरते. जायफळाची पूड चिमूटभर, तीही पेल्यात, शेवटी घालावी. गूळ हवा असेल तर तो गरम डिकॉक्शनमध्ये पूर्ण विरघळवावा आणि दूध गॅसवरून उतरवून किंचित निवल्यावर त्यात मिसळावे, कारण उकळत्या दुधात गूळ पडला की ते फाटण्याची शक्यता असते.